टाचेखालचं पांढरं फडकं

१

फीगेनने चटकन हात मागे घेतला आणि मला कळलं, की आपण एका धडधाकट बाईला जिवंतपणी पुरलं आहे.

झालं होतं एवढंच. वस्तीच्या स्वयंपाकघरात चुलीवर वाटाण्याचं कढण रटरटत होतं. फीगेनचा आमच्यात जेवायला बसायचा तो पहिलाच दिवस. हाडेविगने तिच्यासाठी वाडगा मांडला, डावीकडे चमचा ठेवला, उजवीकडे पावाचा तुकडा. एरवी हाडेविग कुणासाठी उठत नाही. कढण उतू जाईलसं वाटलं म्हणून फीगेनने झाकण उचललं, ‘स्स्’ केलं आणि बोटं तोंडात घातली. मग ओशाळं हसून म्हणाली, "केवढा चटका बसला, बाई."

नऊ जण होतो टेबलाशी. नवांनीही माना खाली घातल्या. आमच्या स्वयंपाकघरात चटका कुणाला बसत नाही. आम्ही महारोगी. भाजलं तर आम्हाला ते वासावरून कळतं.

फीगेन महारोगी आहे असं छत्तीस दिवसांपूर्वी ठरलं होतं. ठरवणारी सुई माझ्या हातात होती.

गावचा कायदा साधा आहे. पारख चुकली असेल तर चाळीस दिवसांच्या आत बोलायचं. एक्केचाळिसाव्या दिवशी कुणी काही म्हणू शकत नाही. मग घर दुसऱ्याचं, भट्टी दुसऱ्याची, पोर दुसऱ्याची.

चार दिवस होते.

२

आमची वस्ती ऱ्हाईन नदीच्या काठावर, तटबंदीच्या बाहेर. गावात कुणावर संशय आला की त्याला आमच्याकडे धाडतात. वैद्य लोक बाटलीतलं मूत उन्हात धरून बघतात, चंद्र कुठल्या राशीत आहे ते मोजतात. रोग्याच्या अंगाला हात लावायची वेळ आली की त्यांना आमची आठवण होते. चोराच्या वाटा चोराला ठाऊक, म्हणून पारख करायचा हक्क नगरसभेने आम्हाला दिलेला. चार पारखी. सुई अकरा वर्षं माझ्याकडे. वर्षातून पाच-सहा वेळा असा दिवस येतो, की गावातली चांगली माणसं दारात उभी राहतात आणि मेत्साबाई काय म्हणतात याची वाट बघतात. बाकीचे दिवस तीच माणसं, रोगी येतोय हे कळावं म्हणून आम्ही वाजवतो ती माझी लाकडी टाळी ऐकली की रस्ता बदलतात. त्या पाच-सहा दिवसांवर मी जगते. खोटं कशाला सांगू?

फीगेन सव्वीस वर्षांची, पाववाल्याची विधवा. तिच्या दिराने, टिलमानने, वर्दी दिली होती, की वहिनीचे गाल लाल होऊन फुगलेत आणि भुवया झडल्यात. आम्ही चौघांनी पाहिलं. दोघं म्हणाले आहे, दोघं म्हणाले नाही. अशा वेळी सुई काय म्हणेल ते खरं.

रीत अशी. सुई आधी निरोगी माणसावर सिद्ध करायची. वस्तीत धुणं धुणारी नेसा निरोगी आहे. तिच्या बोटात टोचली, ती कळवळली, दोन थेंब रक्त आलं. मग पाद्रीबाबांनी सुई चिमट्यात धरून व्हिनेगरमध्ये बुडवली, तबकात ठेवली. हाडेविगने ती पुसली आणि माझ्या हातात दिली. फीगेनला उताणं झोपवलेलं, डोळे बांधलेले, हात चादरीखाली. टाचेखाली पांढरं फडकं. तिला गायला सांगायचं, आणि ती गात असताना न सांगता टाचेत सुई खुपसायची. गाणं तुटलं तर बाई निरोगी. गाणं चालूच राहिलं तर मांस मेलेलं.

फीगेन गात राहिली. भट्टीवर म्हणतात तसलं, ठेक्याचं गाणं. मी तीनदा टोचलं. तिचा एक सूर हलला नाही.

फडकं पांढरंच होतं. पाद्रीबाबा म्हणाले, बरोबर आहे, महारोग्याचं रक्त काळ्या पित्ताने जळून गाळासारखं घट्ट होतं, ते वाहणार कुठून. मी मान डोलावली. लहानपणापासून हेच ऐकलेलं. शहाण्या माणसाने सांगितलेलं मूर्ख उत्तर फार लवकर पटतं.

ती उठून ओरडली होती, की मला टोचलंच नाही. प्रत्येक जण हेच ओरडतो.

दुसऱ्या दिवशी स्मशानात तिला खड्ड्यात उभं केलं, पायांवर तीन फावडी माती टाकली. पाद्रीबाबा म्हणाले, "जगाला तू मेलीस, देवाला जिवंत आहेस." भिंतीपाशी तिची सहा वर्षांची पोर टिलमानचं बोट धरून उभी होती; त्याने तिला वर उचलून दाखवलं. मग पस्तीस दिवस फीगेन आवाराच्या टोकाच्या झोपडीत एकटी. नेसा खिडकीच्या फळीवर जेवण ठेवायची, टाळी वाजवायची आणि पळायची.

चटका बसला त्या दिवशी जेवणं झाल्यावर मी फीगेनजवळ गेले. ती कोबी चिरत होती, सुरी डाव्या हातात. मी बघतेय हे कळताच तिने सुरी घाईघाईने उजव्या हातात घेतली आणि तिथंच बोट कापून घेतलं. वडिलांची सवय, म्हणाली. डाव्या हाताने काही केलं की छडी बसायची. म्हणून परक्यांपुढे अजून उजवाच वापरते, आणि कापून घेते.

मी तिच्या बोटाकडे बघत होते. रक्त पातळ होतं, लाल होतं, मनगटापर्यंत ओघळलं होतं.

मग त्या दिवशी फडकं पांढरं कसं राहिलं?

३

मी तिला बाकावर बसवलं आणि विचारलं, टाचेला नेमकं काय जाणवलं होतं.

"तुम्ही दाबत होतात," ती म्हणाली. "मला वाटलं, आता टोचतील, मग टोचतील. आणि तुम्ही म्हणालात, झालं."

"मग महिनाभर गप्प का बसलीस?"

 तिने जे सांगितलं ते मी विसरू शकत नाही. त्या झोपडीत ती रोज स्वतःला चिमटे काढायची. दुखायचं. तिला वाटायचं, दुखल्याचा भास होतोय. चार जाणकार माणसं सांगतात मांस मेलंय, म्हणजे मेलंच असणार. हातावर हात ठेवला तर ऊब लागायची, तीही तिने खरी मानली नाही. बोलायला दुसरं माणूसच नव्हतं, तर विचारणार कुणाला?

भुवयांचं विचारलं तेव्हा मात्र ती हसली. "पाववालीला भुवया कशा असतील, मेत्सामावशी? दार उघडलं की भट्टीचा भपका तोंडावर. माझ्या नवऱ्यालाही नव्हत्या. गालांचंही तेच."

आम्ही चौघं शहाणे तासभर तिचं नाक, कान, गाल चाचपत होतो. धंदा काय करतेस, हे कुणी विचारलं नाही.

बोलता बोलता ती मागचंही बोलली. आई ती सहा वर्षांची असताना वारली. आता तिची बेलगेन सहा वर्षांची आहे. "आमच्या घराला सहाचा आकडा धार्जिणा नाही," एवढंच म्हणाली आणि पुन्हा कोबी चिरायला लागली.

मी हाडेविगला सगळं सांगितलं. वस्तीत मला आपलं म्हणावं असं माणूस तेवढंच एक. सतरा वर्षं आम्ही एका बाकावर बसतो. मी नवी आले तेव्हा तिने मला पहिली गोष्ट शिकवली, की कढण आधी ओठाला लावून बघायचं. बोटं गेली तरी ओठांना शेवटपर्यंत कळतं.

ऊन उतरलं होतं. ती अंगठ्याची चिंधी गुंडाळत ऐकत होती. म्हणाली, "सोड ना, मेत्सा. तू म्हणालीस, चुकलं, तर हक्क जाईल आपला. आणि तिचं इथं काय वाईट चाललंय? तो दीर तिला बाहेर सुखाने जगू देईल होय?"

"पोर आहे तिला."

"पोरं विसरतात," हाडेविग म्हणाली.

मी सुई बघायला उठले.

४

सुईची पेटी प्रार्थनाघरात वेदीशेजारी असते. कुलूप नाही, महारोग्याच्या सुईला चोर कुठला? मी सुई काढली आणि टोक ओठाला लावलं. लागलीच टोचलं. जिभेवर रक्ताची चव आली.

सुई उत्तम होती. बाई निरोगी होती. आणि त्या उत्तम सुईने त्या निरोगी बाईला तीनदा टोचूनही रक्ताचा थेंब निघाला नव्हता. तिन्ही गोष्टी एकदम खऱ्या असू शकत नाहीत. म्हणजे त्या दिवशी माझ्या हातात ही सुई नव्हती. हिच्यासारखीच दुसरी होती, टोक नसलेली.

आता विचाराल, मला कळलं कसं नाही? माझा उजवा डोळा गेलाय, डावा अंधुक आहे. आणि माझ्या बोटांना काही कळत नाही. सुई मांसात शिरली की नुसती टेकली, हे मी बोटांवरून सांगूच शकत नाही. अकरा वर्षं मी समोरच्याच्या किंकाळीवरून ओळखत आले. सुई बदलणाऱ्याला हे पक्कं ठाऊक होतं. गावातल्या कुणाला ते सुचलं नसतं. त्यांना वाटतं आम्ही नुसते कुजतो.

मी दोन माणसं मोजली. नेसा आणि पाद्रीबाबा.

पाद्रीबाबा गोडार्ट यांना फीगेन इथं हवी होती, हे उघड होतं. आमच्या राय धान्याच्या टणक पावाने त्यांचे दोन दात गेले होते, आणि पाववाली झोपडीतून बाहेर आली की तिच्याकडून वस्तीची भट्टी दुरुस्त करून घेऊ, असं ते सारखं म्हणत होते. मी तसं तोंडावर विचारलं. ते दहा पावलं मागे सरले, बाहीने नाक झाकलं आणि म्हणाले, "मेत्सा, तुमच्यातल्या कुणी हात लावलेली वस्तू मी वीस वर्षांत हातात धरलेली नाही. प्रसादही चिमट्याने देतो. सुई बदलायला बोटं लागतात."

अपमान होता, पण पुरावाही होता. लांब दांड्याच्या चिमट्याने कुणी हातचलाखी करत नाही.

नेसा विहिरीवर होती. तिच्या टोपलीत मऊ पांढरा पाव दिसला. आमच्या वस्तीत पांढरा पाव येतो कुठून? दरडावल्यावर रडायला लागली. टिलमान देतो, म्हणाली. आठवड्यातून दोनदा, फीगेनची खबर सांगितली तर. पण सुईचं तिला काही माहीत नव्हतं. पारखीच्या दिवशी बोटातून रक्त आलं तशी ती घाबरून विहिरीवर पळाली, आणि माझी बोटं सडणार म्हणत संध्याकाळपर्यंत पाण्यात हात बुडवून बसली. ते खरं होतं. तिला तिथून उठवून आणणारी मीच.

तरी टिलमानला फीगेनची खबर कशाला हवी होती? मी नेसाकरवी निरोप धाडला.

५

टिलमान दुसऱ्या दिवशी सकाळी खंदकापाशी, हद्दीच्या खांबाजवळ आला. निरोगी माणसाशी बोलताना आम्ही वाऱ्याच्या खाली उभं राहायचं, आमचा श्वास त्याच्याकडे जाऊ नये म्हणून. त्या दिवशी वारा सारखा फिरत होता. त्याने दिशा बदलली की टिलमान एका बाजूला सरकायचा, मी दुसऱ्या. खांबाभोवती आम्ही दोघं जत्रेतल्या अस्वलांसारखे फिरत बोलत होतो.

मी सरळ म्हटलं, भट्टीसाठी तू तिला इथं धाडलंस.

"भट्टी?" तो म्हणाला. "बाई, मी दोर वळणारा माणूस. महिन्यात तीनदा सगळा घाणा जाळला. गिऱ्हाइकं शेजारच्या गल्लीत जातात. पोर रात्रंदिवस आई कुठाय विचारते, तिला सांगू काय? नेसाला विचारायचो ते त्यासाठीच."

"मग वर्दी कशाला दिलीस?"

"वहिनीच्या तोंडाकडे बघून भ्यालो. घरात लहान लेकरू आहे. काय करायचं होतं मी?"

वारा पुन्हा फिरला आणि तो सरकला. तोंडावर ऊन आलं. तेव्हा माझ्या एका डोळ्यालाही दिसलं.

"टिलमान," मी म्हटलं, "तुझ्या भुवया कुठे गेल्या रे?"

त्याचा हात कपाळाकडे गेला. भुवयांच्या जागी नुसते खुंट होते. मग त्याने गाल चाचपले. लाल, सुजलेले. मेणासारखा पांढरा पडला बिचारा.

मी त्याला थोडा वेळ तसाच उभा ठेवला. हो, मुद्दाम. पायावर माती पडल्यावर कसं वाटतं, त्याची एवढीशी चव त्याला कळू दे. मग सांगितलं, की हा भट्टीचा भपका आहे, तुला काही झालेलं नाही, आणि तिलाही झालेलं नव्हतं. जा, नगरसभेला सांग मेत्सा पारख परत घ्यायला तयार आहे. वैद्याला घेऊन ये. चाळिसाव्याच्या आत.

तो पळतच गेला.

मी खांबाला टेकून राहिले. टिलमान नाही. पाद्रीबाबा नाहीत. नेसा नाही. सुई माझ्याकडे येईपर्यंत किती हात लागले ते पुन्हा मोजलं, आणि या वेळी तीन भरले. तिसरा, सुई पुसणारा हात मी आधी धरलाच नव्हता. स्वतःचा हात कुणी मोजतं का?

६

हाडेविग बाकावर होती. मी शेजारी बसले आणि म्हटलं, अंगठा दाखव.

"भाजलाय, किटलीवर."

"दाखव."

मीच चिंधी सोडली. भाजल्यावर कातडी सुरकुतते. ही तशी नव्हती. अंगठ्याचं टोक सपाट झालं होतं, कुणी कानशीने घासावं तसं. विहिरीच्या दगडी पायरीवर एक बारीक, नवी खोबण आहे. तिथं बसून तिने त्या दुसऱ्या सुईचं टोक घासलं. आणि बोटांना कळत नसल्यामुळे सुईबरोबर अंगठाही घासत गेला, हाड लागेपर्यंत. चांगल्या बोटांच्या माणसाने हे काम केलं असतं तर कसलीच खूण राहिली नसती. इथं चिंधी नसलेलं बोट शोधावं लागतं, म्हणून महिनाभर माझं लक्ष गेलं नाही.

"का?" एवढंच विचारलं मी. पण उत्तर मला कळायला लागलं होतं. "काल तू तिचा चमचा डावीकडे ठेवलास. ती डावखुरी आहे हे तुला कुणी सांगितलं? पारखीच्या दिवशी तिचे हात चादरीखाली होते. झोपडीत तिला जेवताना कुणी पाहिलं नाही. परक्यांपुढे ती डावा हात वापरतच नाही."

हाडेविग नदीकडे बघत होती. इथं येताना जुनं नाव दारात ठेवायचं असतं, आणि कुणी कुणाला मागचं विचारायचं नाही. सतरा वर्षं मी विचारलं नव्हतं. ती इथं वीस वर्षं आहे. फीगेन सव्वीसची.

"तिचा बाप छडी घेऊन बसायचा," ती म्हणाली. "तो उठून गेला की मी चमचा डावीकडे ठेवायचे. सहाची होती. माझ्या पायावर माती टाकली तेव्हा तिला वर उचलून दाखवलं, बघ, आई मेली. वर्दीत नाव ऐकलं, गल्ली ऐकली. मला वाटलं, देवानेच धाडली."

"देवाने नाही. तू."

"तिला दुखू दिलं नाही मी, मेत्सा. टोकच ठेवलं नाही."

हे ती असं म्हणाली, जणू माझ्याकडून शाबासकी हवी होती. मला तिला मारावंसं वाटलं, आणि तिच्या मांडीवर डोकं ठेवावंसंही वाटलं. दोन्हीपैकी काही केलं नाही.

"तिला ठाऊक आहे?"

"मला मावशी म्हणते. हे तोंड बघून तिला आई कशी ओळखू येईल?" तिने सुटलेली चिंधी उचलली. "काल तिने मला पाणी दिलं. आपणहून."

मी म्हटलं, "हाडेविग, भिंतीपाशी बेलगेन उभी होती. सहा वर्षांची. तिलाही वर उचलून दाखवलं होतं."

 तिने अंगठा माझ्यापुढे धरला. बांध, म्हणाली. मी बांधला.

"माझं नाव घेशील?"

"तिच्यापुढे?"

"तिच्यापुढे."

मी चिंधीची गाठ घट्ट केली आणि उठले.

७

वैद्य एकोणचाळिसाव्या दिवशी आला. लांब झगा, चोचीसारखं नाक, हातात मुताची बाटली, मागे नगरसभेचा लेखनिक आणि टिलमान. फीगेनची बाटली उन्हात धरून त्याने तीनदा ‘हं’ केलं. मग पंचांग काढलं आणि मान हलवली. चंद्र मीन राशीत आहे. मीन म्हणजे पाय. चंद्र मीनेत असताना पायाला लोखंड लावलं तर विषार चढतो. परवा सकाळी चंद्र मेषेत जाईल, तेव्हा बघू.

परवा म्हणजे एक्केचाळिसावा दिवस.

टिलमान गयावया करायला लागला. फीगेन खाली बसली. तिला सगळं पुन्हा खरं वाटायला लागलं असणार. वैद्य पंचांग मिटत होता. तेवढी घाई मात्र त्याला होती.

मी वाऱ्याखाली उभी होते, तिथूनच म्हटलं, "वैद्यबुवा, पाय मीनेचे. हात कुणाचे?"

"मिथुनाचे," तो म्हणाला, आणि म्हणून गेल्यावर त्याने मला नीट पाहिलं.

"मग हाताला टोचा. मांस मेलं असेल तर हाताचंही मेलेलं असेल."

पुस्तकवाल्यांना त्यांचंच पुस्तक वाचून दाखवलं की फार राग येतो. पण लेखनिक हसला, त्यामुळे त्याला नाही म्हणता येईना. सुई त्याने स्वतःच्या बाहीतून काढली. नेसा पुन्हा रडली, दोन थेंब आले. फीगेनचे डोळे बांधले. ती गायला लागली. तेच गाणं, आवाज कापत होता. डावा हात फडक्यावर.

हाडेविग दाराच्या चौकटीत उभी होती. मी फीगेनकडे बघत नव्हते, हिच्याकडे बघत होते.

गाणं मधेच तुटलं. फीगेन अशी किंचाळली की वैद्याच्या हातून बाटली निसटली. हाडेविगचा देह हलला, धावत जायला निघाल्यासारखा, आणि तिने चौकट धरून ठेवली. फडक्यावर लाल डाग पसरत होता.

लेखनिकाने विचारलं, मग आधी चूक कशी झाली? ते लिहावं लागेल.

सगळे माझ्याकडे बघत होते. अकरा वर्षं लोक असेच बघायचे, मेत्साबाई काय म्हणतात म्हणून. हा शेवटचा दिवस, हे मला ठाऊक होतं.

"माझ्या बोटांना कळत नाही," मी म्हटलं. "सुई शिरली नाही ते मला समजलं नाही. लिहा."

त्याने लिहिलं. वैद्य प्रसन्न झाला. पुढच्या महिन्यात नगरसभेने हक्क काढून घेतला. आता पारख वैद्य करतात, बाटलीवरून. त्यानंतर इथं आलेल्या चौघांपैकी दोघांना चटका बसतो. मी नगरसभेला दोनदा सांगून धाडलं. महारोग्याचं कोण ऐकतं?

फीगेन त्याच दुपारी निघाली. आमच्यातल्या कुणाला शिवायची तिला आता मनाई होती. माझ्यापुढे मान लववली, मग हाडेविगसमोर थांबली. "येते हं, मावशी," म्हणाली. "तुम्ही माझा चमचा बरोबर मांडलात. असं कुणी केलं नव्हतं, आई गेल्यापासून."

हाडेविगने माझ्याकडे पाहिलं. मी तोंड मिटून घेतलं. सांगायचं तर तिने सांगावं. तिने सांगितलं नाही. म्हणाली, "जा. पोर वाट बघत असेल."

त्याला आता तीन वर्षं झाली. दर शनिवारी कुणीतरी वेशीच्या दगडावर एक पाव ठेवून जातं. वरची चीर उलट्या बाजूने तिरकी असते, डाव्या हाताने मारलेली. हाडेविग तो उचलायला जाते. आम्ही अजून त्याच बाकावर बसतो. दुसरा बाक नाही. बोलत नाही. मी तिला माफ केलेलं नाही, आणि ती मला करणार नाही.

पाव इथं येईपर्यंत गार झालेला असतो. तरी ती आधी तो ओठांना लावते, बराच वेळ. मग मोडून अर्धा माझ्या बाजूला ठेवते.